बंद खोलीतलं बी

जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून कुठल्याही सज्ञान रहिवाशाला स्वतःच्या घरी एका वेळी भांगेची तीन झाडं वाढवता येतात. कायदा बारकाईनं लिहिलेला आहे. सुकवलेला माल घरात 50 ग्रॅमपर्यंत ठेवता येतो. झाडं आणि माल लहान मुलांच्या हाती लागणार नाही, अशी व्यवस्था करणं बंधनकारक आहे. सभासदांसाठी एकत्र लागवड करणाऱ्या मंडळांना 500 सभासदांची मर्यादा आहे, आणि घरच्या लागवडीसाठी महिन्याला किती बिया द्यायच्या याचाही आकडा ठरलेला आहे: सात. झाड नर निघेल की मादी, हे मात्र कायदा विचारत नाही. ते बियातच ठरलेलं असतं. साधं बी पेरलं तर निम्म्याच्या आसपास झाडं नर निघतात, आणि ज्या फुलासाठी लोक हे झाड लावतात ते मादीलाच येतं. तीन जागांपैकी एक-दोन जागा नरांनी अडवल्या, तर सगळ्या हंगामाची मेहनत वाया जाते.

बर्लिनच्या एखाद्या सदनिकेत कपाटाएवढ्या तंबूत दिवे लावून भांग पिकवणारा माणूस तीन गोष्टी गृहीत धरतो. बी रुजेल. रुजलेलं झाड मादीच असेल. आणि तो ठरवेल तेव्हाच ते फुलेल. यातली पहिली गोष्ट बी स्वतःच करतं. उरलेल्या दोन गोष्टी माणसाला समजून घ्याव्या लागल्या. त्या समजून घेण्याचं बरंचसं काम कुंडीत, काचघरात आणि प्रयोगशाळेत झालं आणि ते करणाऱ्यांपैकी कोणालाही नशेत रस नव्हता. वनस्पतींना लिंग असतं का आणि झाडाला ऋतू कसा कळतो, हे वनस्पतिशास्त्रातले दोन मूलभूत प्रश्न. दोन्हींच्या उत्तरात भांगेच्या रोपांचा मोठा वाटा आहे. या झाडाचं नाव निघालं की आपल्याकडे बोलणं पोलीस ठाण्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्यामुळे त्याचा हा भाग सांगायचा राहून जातो, आणि तो राहू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या कायद्याबद्दल आधीच स्पष्ट सांगायला हवं. भारतात 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, लागू आहे. त्याच्या कलम 8 नुसार परवान्याशिवाय भांगेचं झाड लावणं हा गुन्हा आहे. कुंडी गच्चीवरची आहे की खोलीतली, यानं काही फरक पडत नाही. कलम 20 मध्ये त्यासाठी 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. गांजाच्या व्याख्येतून मात्र बी आणि पान वगळलेलं आहे, फक्त ते फुलोऱ्याच्या शेंड्यांसोबत नसावं. त्यामुळे आपल्या देशात भांगेचं बी बाळगणं आणि खाणं चालतं. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या बियांना, त्यांच्या तेलाला आणि पिठाला खाद्यपदार्थ म्हणून मान्यताही दिली. कुमाऊँ आणि गढवालमधल्या घरांना अशा मान्यतेची गरज नव्हती. तिथे भाजलेल्या भांगबियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाते, आणि त्या बियांत नशा नसते.

आता बियाकडे वळू. आपण ज्याला बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एक छोटं, टणक कवचाचं, एकबीजी फळ आहे. ते धण्याहून बारीक, करडं-तपकिरी असतं आणि त्यावर गडद रेषांची जाळी असते. कवच दोन शकलांचं, कडेला शिवण असलेलं. आत वाकून दुमडलेला गर्भ असतो: एका टोकाला मूलांकुर, दुसऱ्या बाजूला दोन जाडसर बीजदलं. शिदोरी या बीजदलांतच भरलेली असते, आणि ती मुख्यतः तेलाची. बियाच्या वजनात सुमारे एक तृतीयांश तेल आणि एक चतुर्थांशाच्या आसपास प्रथिनं असतात. त्यातलं एडेस्टिन हे प्रथिन सहज स्फटिकरूपात मिळतं, म्हणून प्रथिनांच्या रसायनशास्त्राच्या सुरुवातीच्या काळात ते अभ्यासकांच्या हातात सतत असे.

तेलबियांची एक अडचण असते. तेल हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू खवट होतं आणि त्याबरोबर पेशींची पटलंही बिघडत जातात. भांगेचं बी नेहमीच्या तापमानाला, दमट हवेत ठेवलं तर काही वर्षांतच त्याची उगवणशक्ती ढासळते. कोरडं करून, हवाबंद डबीत, थंडाव्यात ठेवलं तर ते बराच जास्त काळ टिकतं. पश्चिम चीनमध्ये तुर्फानजवळच्या यांगहाय दफनभूमीत सुमारे 2,700 वर्षांपूर्वीच्या एका माणसाशेजारी भांगेचा मोठा साठा सापडला. वाळवंटाच्या कोरड्या हवेत पानांचा हिरवेपणाही थोडाफार टिकला होता. त्यातल्या बिया रुजवून पाहिल्या, पण एकही रुजली नाही. मृत समुद्राकाठच्या मसादामधून मिळालेली खजुराची सुमारे 2,000 वर्षांपूर्वीची बी मात्र 2005 मध्ये रुजली आणि तिचं झाड झालं. कोरडेपणा दोन्हीकडे होता, पण सगळ्या बियांचं आयुष्य सारखं नसतं.

ताजं, पक्व बी रुजवणं अवघड नाही. मटकीला मोड आणायला आपण जे करतो, तेच इथंही करावं लागतं: ओल, ऊब आणि हवा. ओलसर कागदाच्या दोन घड्यांमध्ये बी ठेवायचं, 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब राखायची आणि उजेडापासून दूर ठेवायचं. दोन-तीन दिवसांत, कधी आठवड्यानं, शिवण उकलते आणि पांढरा मूलांकुर बाहेर येतो.

या दोन-तीन दिवसांत आत काय चालतं, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला बी पाणी शोषून फुगतं. ही क्रिया निव्वळ भौतिक असते. मेलेलं बीही फुगतं, त्यामुळे फुगलेलं बी पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. मग पाणी शोषणं थांबतं आणि बाहेरून पाहिलं तर सगळं ठप्प झाल्यासारखं दिसतं. खरं काम याच टप्प्यात चालू असतं. महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या पेशी डीएनएमधली मोडतोड दुरुस्त करतात, श्वसनाची यंत्रणा चालू करतात, नवी विकरं बनवतात. साठवलेलं तेल फोडून त्यापासून साखर तयार होते, कारण कोंबाला वाढीसाठी साखर लागते. या कामाला ऑक्सिजन लागतो. म्हणून बी चार-चार दिवस पेल्यात बुडवून ठेवलं की ते गुदमरून कुजतं. घरात बी रुजवणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान पाण्याच्या या अतिरेकानं होतं. आपले शेतकरी पेरणीआधी वाफसा बघतात. मातीत ओल असावी, पण मातीच्या कणांमध्ये हवेलाही जागा असावी, ही त्यामागची समज कुंडीतल्या कोकोपीटलाही तितकीच लागू पडते.

मोड आला की बी मातीत जातं, साधारण 1 ते दीड सेंटीमीटर खोल. ही खोली उगीच ठरलेली नाही. फार खोल गेलं तर वर येईपर्यंत शिदोरी संपते. फार वर राहिलं तर वेगळीच पंचाईत होते. कोंब वर येताना खालचं देठ आकड्यासारखं वाकलेलं असतं आणि मातीतून तो बाक पुढे सरकतो. बीजदलं मागून ओढली जातात, मातीशी घासतात आणि त्या घासण्यात कवच निसटून खालीच राहतं. माती पुरेशी नसेल तर कवच बीजदलांवर टोपीसारखं अडकून बसतं आणि ती उघडत नाहीत. उजेड लागला की बाक सरळ होतो, बीजदलं पसरतात आणि हिरवी होतात. पुढची पानं ठराविक क्रमानं येतात. पहिली जोडी एकेका पर्णिकेची, दातेरी कडेची. दुसरी बहुधा तीन पर्णिकांची. मग पाच, मग सात. झेंड्यांवर आणि टी-शर्टांवर छापलेलं ते प्रसिद्ध पान उगवायला झाडाला काही आठवडे लागतात.

खोलीतल्या रोपाला दोन संकटं ठरलेली. पहिलं अपुऱ्या उजेडाचं. खिडकीशी ठेवलेलं रोप प्रकाशाच्या शोधात ताणत जातं, देठ पांढुरकं आणि लुळं पडतं आणि स्वतःच्याच भारानं आडवं होतं. म्हणून रोपाच्या जवळ दिवा ठेवतात आणि मंद वारा सोडतात. वाऱ्यानं हलणारं देठ जाड होतं. दुसरं संकट बुरशीचं. टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. पिथियम आणि रायझोक्टोनिया या जमिनीतल्या बुरश्या देठ मातीलगत कुजवतात आणि काल टवटवीत असलेलं रोप आज कोलमडलेलं दिसतं. कोलमडलेलं रोप वाचत नाही. निचरा होणारं हलकं माध्यम, स्वच्छ ट्रे आणि बेतानं पाणी एवढाच त्यावर इलाज. खताची घाईही रोपाला मारते. पहिले काही दिवस बीजदलांतली शिदोरी पुरते, आणि कडक खतानं कोवळी मुळं करपतात. सोटमूळ वेगानं खाली जातं, त्यामुळे उपटून लावण्यापेक्षा मातीत विरघळणाऱ्या छोट्या कुंडीसकट मोठ्या कुंडीत हलवणं बरं.

इथपर्यंत भांग आणि मिरची यांच्यात फारसा फरक नाही. फरक पुढच्या महिन्यात दिसायला लागतो. बहुतेक फुलझाडांत एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. भांगेची झाडं मात्र साधारणपणे नर वेगळी आणि मादी वेगळी. आपल्यासारखीच इथंही एक्स आणि वाय गुणसूत्रं आहेत: दोन एक्स असली की मादी, एक एक्स आणि एक वाय असलं की नर. बी पाहून लिंग ओळखता येतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बुडाशी खोलगट खड्डा असला की मादी, अशी एक समजूत फार पसरलेली आहे. तिला आधार नाही.

युरोपात शतकानुशतकं धाग्यासाठी भांग पिकत होती. शेतकऱ्यांना दोन प्रकारची झाडं स्पष्ट दिसत होती आणि त्यांना ते नर-मादी म्हणतही होते, पण बऱ्याचदा उलटं. धिप्पाड, बी धरणारं झाड नर आणि किरकोळ, लवकर सुकणारं झाड मादी, असा त्यांचा हिशेब होता. परागकणांचं काम काय ते कोणालाच माहीत नव्हतं, तर दुसरा हिशेब येणार कुठून?

हा गोंधळ जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये सुटायला लागला. तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख रुडॉल्फ याकोब कामेरारियुस यांनी 25 ऑगस्ट 1694 रोजी गीसेनच्या एका प्राध्यापकाला एक लांबलचक पत्र लिहिलं. झाडांना लिंग असतं याचा प्रयोगांवर आधारलेला पहिला ठोस पुरावा त्या पत्रात आहे. त्यांनी एरंडाच्या झाडावरचे पुंकेसर उमलण्याआधीच काढले, मक्याच्या कणसाचे केस छाटले, मादी तुती नरापासून दूर असताना काय होतं ते पाहिलं. सगळीकडे उत्तर एकच आलं: पराग नाही तर रुजणारं बी नाही. भांगेनं मात्र त्यांची पंचाईत केली. नरांपासून वेगळ्या ठेवलेल्या मादी झाडांनी तरीही काही बिया धरल्या. हे न पटणारं निरीक्षण कामेरारियुस यांनी दडवलं नाही. ते पत्रातच नोंदवलं आणि आपल्याला हे खटकतं असंही सांगितलं. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. पुढे अठराव्या शतकात इटलीचे स्पालानझानी यांनाही भांगेनं असंच चकवलं, आणि परागाशिवाय बी होतं असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दोघांचंही पाहणं अचूक होतं. मादी भांगेवर कधीकधी, विशेषतः ताण पडला की, चार-दोन नर फुलं येतात. ती इतकी बारीक असतात की सहज नजरेतून सुटतात आणि तेवढ्या परागावर काही बिया धरल्या जातात. त्यांना चकवणारी ही लवचीकता पुढे तीनशे वर्षांनी एका मोठ्या उद्योगाचा पाया झाली.

त्याआधी बंगालमध्ये थांबायला हवं, कारण मादीची निवड करण्याचं कसब तिथे हातात मुरलेलं होतं. आज बांगलादेशात असलेल्या नवगाव भागात ब्रिटिश काळात सरकारी परवान्यानं गांजा पिकत असे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे डेव्हिड प्रेन यांनी 1893 मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. त्याच वर्षी नेमलेल्या भांग आयोगानंही या शेतीची बारकाईनं नोंद केली. हा आयोग ब्रिटिश पार्लमेंटमधल्या एका प्रश्नातून जन्मला आणि त्यानं देशभरातल्या 1,193 साक्षीदारांना प्रश्न विचारले. बंगालमध्ये ऑगस्टच्या सुमारास उंचावर केलेल्या वाफ्यात बी टाकत, सप्टेंबरमध्ये रोपं शेतात लावत, आणि नोव्हेंबरमध्ये पोद्दार यायचा. हा माणूस शेतातून फिरत एकेक झाड निरखायचा आणि नर झाड फुलण्याआधीच ओळखून मोडायचा. एखादा नर नजरेतून सुटला तर वाऱ्यावर पराग सुटणार, माद्यांना बिया धरणार आणि राळेनं भरलेल्या गांजाचा भाव पडणार. म्हणून त्याच्या नजरेला मोल होतं. महाराष्ट्राचा संबंधही इथे येतो: मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात परवान्याची गांजाशेती होती आणि नगरचा माल नावाजलेला होता. आयोगाच्या 1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की माफक वापरानं सर्वसाधारणपणे अपाय होत नाही आणि संपूर्ण बंदीची गरज नाही.

पोद्दारानं नर मोडले तरी तेवढी जागा, खत आणि पाणी वाया गेलेलंच असे. बियातूनच सगळ्या माद्या मिळाल्या तर? या प्रश्नाचं उत्तर दिल्ली विद्यापीठात तयार झालं, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

प्राध्यापक एच. वाय. मोहन राम हे मूळचे म्हैसूरचे. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्र विभागात पंचानन माहेश्वरी यांच्या परंपरेत ते वाढले. त्यांना प्रश्न पडला होता तो मूलभूत संशोधनाचा: गुणसूत्रांनी लिंग ठरवल्यावरही संप्रेरकं ते बदलू शकतात का? 1970 मध्ये त्यांनी आणि व्ही. एस. जैस्वाल यांनी दाखवलं की वनस्पतीत इथिलीन वायू सोडणारं इथेफॉन फवारलं की नर भांगेवर मादी फुलं येतात. दोनच वर्षांनी उलट दिशेचं काम आलं: जिबरेलिननं मादीवर नर फुलं. मग 1982 मध्ये मोहन राम आणि आर. सेट यांचा शोधनिबंध आला. सिल्व्हर नायट्रेट किंवा सिल्व्हर थायोसल्फेट वापरलं की जन्मानं मादी असलेल्या झाडावर नर फुलं उमलतात, आणि त्यांचे पराग कामाचे असतात. चांदीचे आयन इथिलीनचा संदेश पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. संदेश न पोहोचल्यानं फूल नराच्या वाटेनं जातं.

यातली खरी खुबी गुणसूत्रांच्या गणितात आहे. हे फूल नराचं, पण झाड दोन एक्सवालं. त्याच्या परागात वाय असूच शकत नाही. तो पराग दुसऱ्या मादीवर टाकला तर होणाऱ्या बियांत दोन्हीकडून एक्सच येणार, म्हणजे बहुतेक सगळ्या माद्या. 1990 च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या बियाणे कंपन्यांनी अशा मादीकरण केलेल्या बिया बाजारात आणल्या. जर्मनीतल्या तीन झाडांच्या मालकाला आज जे बी हवं असतं ते हेच. त्याच्या पाकिटावर दिल्लीचं नाव कुठेच नसतं.

आता घड्याळाचं कोडं. उघड्यावर लावलेली भांग उन्हाळाभर उंच वाढते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलते. हे ज्युलियन तूर्न्वा या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात काचघरात आलं. पॅरिसमध्ये हा माणूस हॉप आणि भांग यांच्या संकराचा अभ्यास करत होता. हॉप हे बिअरला कडसर चव देणाऱ्या वेलीचं पीक, आणि ते भांगेच्याच कुळातलं. वेळ वाचावा म्हणून त्यानं हिवाळ्यात उबदार काचघरात बिया पेरल्या. रोपं वितीएवढीही झाली नव्हती, तोच फुलं आली. ऊब पुरेशी होती, पाणी होतं, खत होतं. कमी होता तो फक्त दिवस. तूर्न्वानं मग रोपांना मुद्दाम रोज थोडेच तास उजेड दिला आणि परिणाम पुन्हा मिळवला. 1912 मध्ये त्यानं तो प्रसिद्ध केला. पुढे 1914 मध्ये त्यानं आणखी खोलातली गोष्ट लिहिली: दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबणं हे खरं कारण असावं. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो त्यात मारला गेला. 1920 मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू, सोयाबीन आणि इतर पिकांवर हीच गोष्ट भक्कमपणे सिद्ध केली. तिला दीप्तिकालिता म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकांत नावं या दोघांचीच आली. रात्रीच्या लांबीचं महत्त्व प्रयोगानं ठरायला 1938 उजाडलं. म्हणजे तूर्न्वा चोवीस वर्षं पुढे होता.

बंद खोलीतली आजची सगळी लागवड या शोधावर चालते. रोप लहान असताना दिवसाला 18 तास दिवे आणि 6 तास अंधार, म्हणजे झाडाला उन्हाळा चालू आहे असं वाटतं आणि ते फक्त वाढतं. मग दिवे 12 तासांवर आणले की शरद ऋतू आला असं समजून ते फुलायला लागतं. रात्र अखंड हवी. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य बदलतं आणि झाडाची रात्रीची मोजणी चुकते. शेवंतीला लवकर फुलू न देण्यासाठी पॉलीहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात, ते याच कारणानं. काही झाडं हे घड्याळ मानतच नाहीत. रशियन शास्त्रज्ञ यानिशेव्हस्की यांनी 1924 मध्ये व्होल्गाकाठची बुटकी रानभांग वेगळी जात म्हणून नोंदवली. तिच्यासारखी झाडं वयात आली की दिवस कितीही मोठा असला तरी फुलतात. उत्तरेच्या आखूड उन्हाळ्यात शरद ऋतूची वाट पाहत बसलं तर बी पिकण्याआधीच थंडी मारेल. आज बाजारात आपोआप फुलणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या जाती याच वारशातून आल्या.

उन्हात फुकट वाढणारं झाड माणसानं दिव्याखाली का नेलं, याचं कारण वनस्पतिशास्त्रात सापडत नाही. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टरनं फिरून भांगेची झाडं उपटण्याची मोहीम सुरू झाली. आकाशातून दिसतं म्हटल्यावर पीक तळघरांत गेलं. 1989 मध्ये अमेरिकी यंत्रणांनी दिवे आणि साहित्य विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले, तरी ते तिथून बाहेर आलं नाही. पुढे कायदे बदलले. उरुग्वेनं 2013 मध्ये घरी सहा झाडांची परवानगी दिली, कॅनडानं 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रत्येक घराला चार झाडांची, आणि माल्टानं 2021 मध्ये चार झाडांची. खोलीची सवय मात्र टिकली, आणि तिची किंमत मोठी आहे. अमेरिकेतल्या बंदिस्त लागवडीबद्दलचा एक अभ्यास 2021 मध्ये नेचर सस्टेनेबिलिटी या नियतकालिकात आला. त्याच्या हिशेबानं 1 किलो सुका माल तयार करताना ठिकाणानुसार 2,283 ते 5,184 किलो कार्बन डायऑक्साइडइतका हरितगृह वायू हवेत जातो. त्यात मोठा वाटा दिव्यांचा आणि हवा थंड, गरम, कोरडी ठेवणाऱ्या यंत्रांचा. हा आकडा मला अस्वस्थ करतो. पोलिसांची नजर चुकवण्यासाठी शोधलेली पद्धत परवाना मिळाल्यावरही तशीच चालू राहावी, याला काहीच समर्थन नाही. परवान्याचं झाड उन्हात वाढवायला हवं.

भारतात या सगळ्या ज्ञानाची गरज वेगळ्या कारणानं आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम 14 नुसार धागा आणि बी यांसाठी भांगलागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. 2018 मध्ये उत्तराखंडनं देशात पहिल्यांदा त्याखाली परवाना दिला. अट अशी की झाडातलं टीएचसी, म्हणजे नशेचं रसायन, 0.3 टक्क्यांच्या आत हवं. हिमालयातल्या स्थानिक भांगेत ते सहसा याहून जास्त भरतं. बाहेरून कमी टीएचसीचं बी आणून लावलं, तरी आजूबाजूच्या डोंगरउतारांवर रानभांग फुललेली असते. तिचा पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो, आणि शेतात धरलेल्या पुढच्या पिढीच्या बियात पुन्हा टीएचसी चढतं. मग शेतकऱ्याला घरचं बी पेरता येत नाही आणि दर वर्षी ते विकत घ्यावं लागतं. यावरचा उपाय म्हणजे पहाडी हवामानाला मुरलेली, कमी टीएचसीची देशी जात. ती तयार करायची तर निवडक झाडं परक्या परागापासून तोडून, बंद जागेत फुलवावी लागतात, त्यांचं बी धरावं लागतं, रुजवावं लागतं, तपासावं लागतं आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करत राहावं लागतं. जम्मूजवळ चठा इथे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या संस्थेनं औषधी भांगेचं संशोधन सरकारी परवानगीनं सुरू केलं आहे. तिथलं उद्दिष्ट औषधाचं आहे. पहाडातल्या शेतकऱ्याच्या बियासाठीही असंच, परवानगीचं आणि चिकाटीचं काम कृषी विद्यापीठांनी हाती घ्यायला हवं. मोहन राम यांची पद्धत त्यांच्यासाठी चाळीस वर्षांपासून छापील आहे.